गोचीड मोजणारी माणसं

माझं आजोळ माणदेशात. मामाच्या गोठ्यात एकाच दावणीला शेजारी शेजारी दोन गायी असायच्या. एक काळी-पांढरी, भरल्या कासेची. होल्स्टीन-फ्रिजियन रक्ताची ही संकरित गाय, मामाच्या भाषेत 'एचेफ'. दुसरी घरच्याच पैदाशीची, पांढरीशुभ्र, लांब शिंगांची खिल्लार. संकरित गाय दिवसाला पंधरा-सोळा लिटर दूध द्यायची. खिल्लार आपल्या वासराचं पोट भरून घरच्या चहापुरतं द्यायची. साहजिकच पेंड, हिरवी वैरण आणि गोठ्यातला एकुलता एक पंखा, सगळे लाड पहिलीच्या वाट्याला.

काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात या लाडकीला ताप भरला. दोन दिवस वाटलं, ऊन लागलं असेल. मग खांद्यापुढची गाठ सुजली, तिनं वैरण सोडली, दूध आटलं. डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि लगेच सांगितलं, "गोचीड ताप आहे." इंजेक्शन दिलं, पण उशीर झाला होता. पाचव्या दिवशी गाय गेली. मागे राहिली तिची सहा महिन्यांची कालवड आणि कर्जाचे चौदा हप्ते. "गाय गेली, पण हप्ता काही जात नाही," मामा एवढंच म्हणाला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

आणि शेजारची खिल्लार? तिला काही म्हणजे काही झालं नाही. तोच गोठा, तीच दावण, तेच गोचीड!

मामी मला म्हणाली, "अगं, तू एवढं लिहितेस ना? मग सांग बघू, एका दावणीच्या दोघीजणी, त्यात या मेल्या गोचिडानं हिलाच कसं धरलं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं, की जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना गेली कित्येक वर्षं नेमका मामीचाच प्रश्न पडलेला आहे.

रक्त पितो, रोगही देतो

गोचीड मराठी माणसाला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातही तो दृष्टांताला आला आहे. पवित्र, गोड दूध कातडीच्या पडद्याआड असताना ते सोडून रक्त पिणारा म्हणून. पण हा जीव नुसतं रक्त पीत नाही, तर रोगही पसरवतो, हे सिद्ध व्हायला १८९३ साल उजाडावं लागलं.

त्याचं असं झालं. अमेरिकेत टेक्सासकडची जनावरं उत्तरेकडे हाकत नेली जात. ती स्वतः धडधाकट दिसत, पण ज्या कुरणात ती चरून जात, तिथली उत्तरेची जनावरं तापानं पटापट मरत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न या दोघांनी यावर साधा पण चिवट प्रयोग केला. काही दक्षिणी जनावरांच्या अंगावरचे गोचीड हातानं वेचून काढले, काहींच्या अंगावर तसेच ठेवले आणि दोन्ही गटांबरोबर उत्तरेची जनावरं वेगवेगळ्या कुरणांत सोडली. जिथं गोचीड होते, तिथंच रोग आला. रोगाचा जंतू एका जनावरातून दुसऱ्यात नेण्याचं काम असा चावरा जीव करतो, याचा हा पहिला ठोस पुरावा. डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी रोनाल्ड रॉसना आपल्या सिकंदराबादेत सापडला तो १८९७ साली, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी.

आता एक फरक लक्षात घ्यायला हवा. टेक्सासची जनावरं वाचत, कारण वासरू असतानाच हा ताप सौम्यपणे येऊन जाई आणि अंगात प्रतिकारशक्ती तयार होई. ही झाली कमावलेली शक्ती. पण काही जनावरांना जन्मतःच, आईबापांकडून वेगळी शक्ती मिळते. ती वडिलोपार्जित. मामीच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या दुसऱ्या पुंजीत आहे.

आपली गीर, ब्राझीलची मोजदाद

ही पुंजी मोजण्याचं काम जिथं नेटानं झालं, त्या देशाशी आपलं गोठ्याचं नातं आहे. तो देश म्हणजे ब्राझील.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात भारतातून जहाजांनी वळू आणि गायी ब्राझीलला गेल्या. सौराष्ट्रातली गीर, उत्तर गुजरातची कांकरेज, आंध्रातली ओंगोल. युरोपातून नेलेली जनावरं तिथल्या उन्हानं आणि गोचिडांनी हैराण होत, आणि वशिंडाची ही भारतीय जनावरं मात्र मजेत राहत. आपल्या कृष्णाखोऱ्यातली जनावरंही अशीच अमेरिकेला गेली आणि तिथल्या 'ब्राह्मन' जातीच्या घडणीत त्यांचं रक्त आहे. ब्राझीलमध्ये पुढे गीर आणि होल्स्टीन यांच्या संकरातून 'गिरोलांडो' ही जात तयार झाली. त्या देशाच्या दुधाचा मोठा वाटा आज या संकरित गायींचा आहे.

वशिंडाची गाय गोचिडांना पुरून उरते म्हणजे नेमकं किती? ऑस्ट्रेलियात ही मोजदाद फार पूर्वी झाली. गोचिडाची शंभर पिल्लं अंगावर चढली, तर विदेशी जातीच्या गायीवर त्यांतली साधारण दहा ते वीस मोठी होतात. वशिंडाच्या गायीवर एखाद-दुसरीच. बाकीची कुठं जातात? काही गाय जिभेनं चाटून काढते. काहींना तिची कातडी नीट चावू देत नाही, चावलेली जागा लगेच सुजते, खाजते आणि गोचिडाची पकड सुटते. टम्म फुगलेली एक मादी खाली गळून पडली की दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे जिच्या अंगावर दहाऐवजी एकच मोठी होते, ती गाय पुढच्या पिढीचे किती गोचीड वाचवते, याचा हिशेब तुम्हीच करा!

पण हे झालं जातीजातींमधलं. हा गुण शरीरात नेमका कुठं लिहिलेला आहे? ब्राझीलच्या संशोधकांनी त्यासाठी नातवंडांची वाट पाहिली. गीर आणि होल्स्टीन यांचा आधी संकर केला आणि मग त्या संकरित नर-माद्यांचा आपसात. घरात कसं असतं? एका नातवाचं नाक आजोबांचं आणि डोळे आजीचे, तर दुसऱ्याचं बरोबर उलटं. तसंच या दुसऱ्या पिढीत गीर आजोळाचे आणि होल्स्टीन आजोळाचे गुण पत्त्यांसारखे पिसले जातात. अशी सुमारे चारशे जनावरं तयार केली. प्रत्येकाच्या अंगावर ठरावीक संख्येनं गोचिडाची पिल्लं सोडली आणि तीन आठवड्यांनी मोठ्या झालेल्या माद्या मोजल्या. एकेक करून, हातानं, डोळ्यांनी.

मग प्रत्येकाचं रक्त तपासलं. गायीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. लांबच लांब रस्त्यावर मैलाचे दगड असावेत, तशा त्यांवर शास्त्रज्ञांना ठाऊक असलेल्या खुणा असतात. ज्यांच्या अंगावर गोचीड कमी, त्यांच्यात कुठल्या दगडाजवळचा तुकडा गीरकडून आलेला आहे, हे जुळवत जायचं. गावात चोरी झाली की कोण कोण कुठल्या गल्लीत दिसलं होतं याचा फौजदार माग काढतो, तसलाच हा प्रकार.

२०१० साली निकाल छापून आला, तो मोठा गमतीचा होता. एक जागा सापडेल अशी आशा असावी, तर सहा गुणसूत्रांवर जागा सापडल्या. त्यांतल्या काही फक्त पावसाळ्यात प्रभाव दाखवत होत्या, काही फक्त कोरड्या दिवसांत. दोन्ही ऋतूंत काम करणारी जागा एकच! म्हणजे गोचिडाला रोखणं हे एका पहारेकऱ्याचं काम नाही. दिवसपाळी, रातपाळी असलेली ती अख्खी पोलीसचौकी आहे.

वशिंड म्हणजे ढाल नव्हे

इथवर वाचून कुणाला वाटेल, चला, वशिंडाची गाय ती बळकट आणि बिनवशिंडाची ती नाजूक. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! आफ्रिकेची गोष्ट ऐका.

आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात त्सेत्से नावाची माशी आहे. ती चावली की जनावराच्या रक्तात ट्रायपॅनोसोम नावाचा परजीवी शिरतो. आपल्याकडे जनावरांना 'सर्रा' होतो, त्याच्या परजीवीचा हा भाऊबंद. जनावराचं रक्त कमी होत जातं, ते वाळतं आणि मरतं. पण पश्चिम आफ्रिकेत एन्दामा नावाची एक बुटकी गाय आहे. ती या परजीवीला अंगात घेऊनही हिंडते, चरते, विते. आणि या एन्दामाला वशिंड नाही! उलट पूर्व आफ्रिकेतली बोरान, चांगल्या वशिंडाची गाय, या रोगापुढे हात टेकते.

उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी एन्दामाचे गोठवलेले भ्रूण गांबियातून केनियात आणले आणि बोरान गायींच्या पोटी वाढवले. मग एन्दामा आणि बोरान यांचा संकर आणि त्यांची नातवंडं. पद्धत ब्राझीलसारखीच. २००३ साली नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. रोग सोसण्याच्या गुणाशी निगडित अशा जागा त्यांना १८ गुणसूत्रांवर मिळाल्या. त्यांतल्या नऊ जागी चांगला अंश एन्दामाकडून आला होता. पण पाच जागी तो आला होता, कुणाकडून सांगा? त्या 'कच्च्या' ठरवलेल्या बोरानकडून!

नाजूक म्हणून जिला नावं ठेवली, तिच्या पदरातही पाच नाणी होतीच. मला ही गोष्ट फार आवडली. घराण्याची फुशारकी आणि घराण्याला ठेवलेली नावं, दोन्ही किती अपुरी असतात! एन्दामाची ताकद तिच्या वशिंडात नाही, आणि नसण्यातही नाही. तिचे पूर्वज हजारो वर्षं त्या माशीच्या शेजारी राहिले. जे टिकले, त्यांचीच वासरं झाली. गायीची प्रतिकारशक्ती म्हणजे तिच्या गावाची जुनी आठवण आहे.

आमच्या गोचीड तापाचं काय?

मामाच्या गायीला झाला तो थायलेरियोसिस. त्याचा परजीवी गोचिडाच्या लाळेतून अंगात जातो आणि शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येच मुक्काम ठोकतो. एवढंच नव्हे, तर त्या पेशींना कर्करोगाच्या पेशींसारखं बेसुमार वाढायला लावतो. खांद्यापुढची गाठ सुजते ती यामुळे. कुंपणानंच शेत खावं, तसलाच प्रकार!

ब्रिटनमधल्या एडिंबरो इथल्या संशोधकांनी साहिवाल आणि होल्स्टीन जातींच्या वासरांना हाच परजीवी सारख्या मात्रेत टोचून पाहिला. साहिवाल ही मूळची पंजाबकडची वशिंडाची गाय. २००५ साली छापलेल्या या अभ्यासात होल्स्टीन वासरं अत्यवस्थ झाली, तर साहिवाल वासरांना तापही कमी आला आणि ती सावरली. पुढे दोन्ही जातींच्या पांढऱ्या पेशी तपासल्या, तेव्हा अनेक जनुकांचं काम दोघींत कमी-जास्त चालत असल्याचं दिसलं. मजा अशी, की नुकसान करण्यात शरीराच्या स्वतःच्या आरडाओरडीचा मोठा हात असतो. घरात चोर शिरला म्हणून होल्स्टीनचं शरीर घरालाच आग लावतं. साहिवालचं शरीर शांतपणे दार लावून घेतं.

मामीच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर झालं. गोचीड दोघींनाही चावला असणार. एकीचं शरीर त्याला ओळखत होतं, दुसरीचं नव्हतं.

हजार थेंबांची घागर

मग तो 'गोचीडरोधक' जनुक उचलून संकरित गायीत घालता येणार नाही का? हा प्रश्न मीही विचारला होता. अडचण अशी, की असा एकटा जनुक नाहीच. २००९ साली गायीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. पंचवीस देशांतले सुमारे तीनशे शास्त्रज्ञ त्यासाठी राबले आणि गायीत किमान बावीस हजार जनुकं असल्याचं दिसलं. त्यानंतर ऑस्ट्रेलियात हजारो खुणा एकदम तपासून गोचिडांचा हिशेब लावला, तेव्हा एकेका खुणेचा वाटा निघाला जेमतेम एखादा टक्का. घागर भरलेली आहे, पण थेंबाथेंबानं.

यावर तोड २००१ सालीच सुचवली गेली होती. एकेका थेंबाच्या मागे न लागता सगळ्या खुणांची बेरीज करा आणि वासरू जन्मताच त्याला गुण द्या. दुधाच्या बाबतीत पाश्चात्त्य देश आज वळू निवडतात ते असेच. केसाच्या मुळाएवढा नमुना पुरतो. वळू मोठा होऊन त्याच्या मुली दूध देईपर्यंत थांबायला नको.

भारतही मागे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पशू जैवतंत्रज्ञान संस्थेनं २०२१ साली देशी गायींसाठी 'इंडिगाऊ' नावाची चिप तयार केली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तर आपल्या वाशीमलाच गायींसाठीची 'गौ चिप' आणि म्हशींसाठीची 'महिष चिप' यांचं उद्घाटन झालं. विदेशी गायींसाठी बनवलेल्या चिपा आपल्या जनावरांच्या खुणा नीट वाचत नाहीत, म्हणून ही घरची मोजपट्टी हवीच होती.

पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा आहे, चिप फक्त खुणा वाचते. कुठल्या खुणेचा अर्थ काय, हे तिला कोण सांगणार? त्यासाठी हजारो गायींच्या अंगावरचे गोचीड कुणीतरी मोजून लिहून ठेवले पाहिजेत. कुठली गाय आजारी पडली, कुठली औषधाशिवाय उठली, तिची आई कोण, बाप कोण. दुधाचा हिशेब आपण घरोघरी ठेवतो, कारण त्याचे पैसे येतात. गोचिडांचा हिशेब कोण ठेवतो?

आणि उशीरही परवडणारा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातला गोवंश साधारण १९ कोटी भरला. त्यातली देशी जनावरं आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटली होती आणि संकरित वाढली होती. याचा दोष संकरित गायीला देणं कृतघ्नपणाचं होईल. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बायफ' सुरू केली. तिथून गावोगावी गेलेल्या संकरित गायींनी हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. माझ्या मामेभावाचं शिक्षण त्या काळ्या-पांढऱ्या गायीच्याच दुधावर झालं. पण खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ यांच्या रक्तात काय काय लिहिलेलं आहे, हे वाचायच्या आधीच ती वही रद्दीत गेली, तर मग चिप वाचणार काय? बोरानच्या पदरातली पाच नाणी सापडली, कारण बोरान शिल्लक होती.

तोवर गोठ्यात काय करावं?

शास्त्र आपल्या गतीनं चालेल. गोठा आजच सांभाळावा लागतो. गोचीड ताप पसरवणारे गोचीड भिंतींच्या भेगांत आणि गव्हाणीच्या फटींत लपतात, तिथंच अंडी घालतात. त्या भेगा बुजवून घ्याव्यात, चुन्याचा हात फिरवावा. गोचिडावरचं औषध म्हणजे कीटकनाशक. ते डॉक्टर सांगतील त्याच प्रमाणात वापरावं. कमी-जास्त आणि सारखं वापरलं, की गोचीडच त्याला सरावतात. आणि संकरित गायीला ताप आला, खांद्यापुढची गाठ लागली, तर 'ऊन लागलं असेल' म्हणून दोन दिवस थांबू नये. या रोगावर चांगलं इंजेक्शन आहे, लसही आहे. पण इंजेक्शन वेळेत मिळालं तरच. मामाचे ते दोन दिवसच महाग पडले.

गेल्या दिवाळीला आजोळी गेले होते. त्या गेलेल्या गायीची कालवड आता स्वतः व्यालेली गाय झाली आहे, अगदी आईसारखी काळी-पांढरी. सकाळी धार काढायच्या आधी मी आणि मामी गोठ्यात बसलो. संशोधक मोजतात तसं मोजू या म्हटलं. अंगाची एकच बाजू घ्यायची आणि ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून मोठे गोचीड तेवढे धरायचे. काळ्या-पांढरीच्या अंगावर निघाले सत्तेचाळीस, खिल्लारीच्या अंगावर तीन.

मामा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "मग हिला पुढच्या खेपेला गीरचं बी भरू का?"

"भर की मामा," मी म्हटलं. "पण नुसत्या जातीवर जाऊ नकोस. गीरमध्येही एक वळू चांगला, एक बेताचा. होणारी कालवड कशी निघेल, ते मोजल्याशिवाय कळायचं नाही."

मामीनं काही न बोलता भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्यावर रोजच्या दुधाचे लिटर लिहिलेले असतात. त्या दिवसाच्या चौकटीत, लिटरच्या आकड्याखाली, तिनं बारीक अक्षरांत लिहिलं: ४७ आणि ३.

आता दर पहिल्या तारखेला ती मोजते. परवा फोनवर आकडे सांगत होती.